किंगलेट आले नाहीत

७ सप्टेंबर, शनिवार

कॅरिननं फिनिक्सहून ही वही पाठवलीय. सोबत चिठ्ठी, "डॅडी, मनातलं यात लिहीत जा, बरं वाटेल." मला काय धाड भरलीय? बाप एकटा पडलाय असं एकदा मुलींच्या डोक्यात शिरलं की त्या वह्या पाठवतात, व्हिटॅमिनच्या गोळ्या पाठवतात आणि फोनवर पुटपुटतात. पण कोरी वही नुसती पडून राहिलेली मला बघवत नाही, म्हणून लिहितोय. मनातलं नाही, पक्ष्यांबद्दल.

आजपासून शनिवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळी केलर पार्कच्या पाण्याच्या पंपापाशी जमायचं, सरोवराच्या काठानं सीडरच्या झाडीपर्यंत जायचं, परत यायचं आणि मग पॅटीच्या हॉटेलात कॉफी आणि डोनट. लोक बदलले, पंपही बदलला, फेरीचा पुढारी मीच आहे. नियम सोपा. ज्याला पक्षी दिसेल त्यानं नाव पुकारायचं आणि घड्याळाच्या काट्यानं जागा सांगायची, "मेपल, दोन वाजता, वरची फांदी." मी "घेतला" म्हटलं की तो पक्षी त्या दिवसाचा झाला. नुसता आवाज ऐकला तरी चालतो. पण "घेतला" म्हणायचं ते मी.

ड्वेन वोयटा आला होता. जन्मभर दुधाचा टँकर चालवला, आता जीभ चालवतो. "हार्लन, त्या टोपीला तरी निवृत्त कर रे, तिचा काय दोष!" आल्या आल्या सुरुवात. बर्नाडीन कोल्बही होती. ती माझ्या बायकोची, आर्डिसची, चर्चमधली मैत्रीण, आर्डिस गेल्यावर फेरीला यायला लागली. झाडांत वटवटे पक्षी भरपूर होते. या दिवसांत सगळे वटवटे एकसारखेच पिवळट हिरवे दिसतात, ओळखताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. माझी नाही उडत.

आर्डिस असती तर माझ्या डावीकडून चालली असती. तिला पक्ष्यांतलं ओ की ठो कळायचं नाही. घडीघडी मला कोपरानं ढोसायची आणि कुठेतरी वर बघायची. मी तिकडे बघितलं की तिथं एखादा पक्षी असायचाच, मग मी तो ओळखायचो. "नशीबवान आहेस," मी तिला म्हणायचो. तिच्याशिवायचा दुसरा हिवाळा येतोय.

११ सप्टेंबर, बुधवार

शेजारची माई वांग दारात आली, कडेवर बाळ. "मिस्टर टेश, रागावू नका हं, पण तुमच्या घरात काहीतरी चिवचिवतंय. खिडक्या उघड्या असल्या की आमच्याकडे ऐकू येतं. थांबतं, परत चिवचिवतं, थांबतं, परत. बाळ दचकतं."

मला तर आनंदच झाला. दक्षिणेकडे निघालेले स्विफ्ट पक्षी कधी कधी धुराड्यात अडकतात. टॉर्च घेऊन धुराड्यात डोकं घातलं, माळा पालथा घातला, तळघर बघितलं. पीसही सापडलं नाही. कान लावून बसलो. घर चिडीचूप.

आजकालच्या पोरींना पक्षी कुठला आणि मोबाइल कुठला हेही कळत नाही. मी तिला तसं म्हटलं नाही. ती सणाला वाटीभर भात आणि रस्सा आणून देते.

१४ सप्टेंबर, शनिवार

हे लिहावं की नाही कळत नाही. पण वही माझी आहे.

बर्नाडीन आज माझ्या डावीकडून चालत होती, इतकी खेटून की तिच्या कोटाचं बटण माझ्या बाहीत अडकलं. सीडरच्या झाडीपाशी तिनं मला चक्क कोपर मारलं. चुकून लागलं असेल म्हणून मी बाजूला झालो. ती परत आली. परत कोपर. आणि वर झाडाकडे बघून हसली, शाळकरी पोरीसारखी!

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. दुधखुळा नाही. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, परवा केसही सेट करून आली होती. पण माझ्या आर्डिसची मैत्रीण ना तू? शोभतं का हे? ड्वेननं पाहिलंच. "काय हार्लन, चैन आहे बुवा!" म्हणाला. मग उरलेली फेरी मी ड्वेनला मध्ये घेऊन चाललो.

पॅटीकडे सगळ्या बायका काहीतरी बोलून हसल्या. मीही हसलो. कशाला हसलो ते मला विचारू नका.

२२ सप्टेंबर, रविवार

टीव्हीवर पॅकर्सचा फुटबॉल सामना बघत होतो तेवढ्यात कॅरिनचा फोन.

"डॅडी, आधी टीव्ही बारीक करा."

"बारीकच आहे."

मग ती काहीतरी पुटपुटली. "मोठ्यानं बोल," म्हटलं, तर एकदम, "ओरडतेच आहे मी डॅडी!" अगं, मग ओरडतेस कशाला? नीट बोल. तुझी आई कधी ओरडली नाही, पुटपुटलीही नाही. समोर उभी राहायची, माझ्या तोंडाकडे बघून सावकाश बोलायची, सगळं कळायचं.

शेवटी तिचं पालुपद ऐकू आलं. घर विका, इकडे या, इकडे बर्फ नाही. मी म्हटलं, आता किंगलेट पक्षी येतील, ते सोडून मी वाळवंटात येऊन काय करू, कॅक्टस मोजू? ती बराच वेळ गप्प होती. किंवा बोलत असेल, मी पॅकर्सकडे बघत होतो.

२८ सप्टेंबर, शनिवार

किंगलेट अजून आले नाहीत.

अंगठ्याएवढा पक्षी, डोक्यावर पिवळी रेघ, कॅनडातून सरोवराच्या काठाकाठानं येतो. आवाज सुईसारखा बारीक. एरवी सप्टेंबर संपता संपता सीडरमध्ये त्यांची झुंबड असते. मी चाळीस वर्षं खुर्च्यांच्या कारखान्यात करवतीवर होतो. शनिवारी इथं येऊन तो आवाज ऐकला की आठवड्याचा सगळा खरखराट धुऊन निघायचा. गेल्या वर्षी कमीच होते. यंदा एकही नाही.

आणि बर्नाडीन म्हणते, "किंगलेट, सीडर, ऐकू आला!"

मी थांबलो. पूर्ण थांबलो, श्वाससुद्धा रोखला. लाटा ऐकू आल्या, कावळा ऐकू आला, बोटींच्या धक्क्यापलीकडून येणारे कलहंस तर कोणाच्याही आधी मला ऐकू आले. माझे कान ठणठणीत आहेत. किंगलेट नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

ड्वेन म्हणाला, "अरे, मला वाटतं मलाही..."

"तुला टँकरचा हॉर्नही पक्षी वाटेल," मी म्हणालो. नाही घेतला.

३ ऑक्टोबर, गुरुवार

रोज सकाळी एकटाच पार्कात जातो. कालपासून वारा उत्तरेचा आहे, पक्षी उतरायला अगदी हवा तसा. सीडरच्या झाडीत बाकावर बसलो. चिमण्या गवतात, रॉबिन बेरींवर. पण झाडं मुकी. पूर्वी ऑक्टोबरात हे सीडर नुसते किणकिणायचे. जंगलं जळतात, काचेच्या इमारतींवर पक्षी आपटतात, सगळीकडून ऐकतो. तरी आपल्याच झाडीत असं व्हावं! आर्डिसला सांगायला हवं होतं. ती म्हणाली असती, "येतील रे, बस जरा." असं कोणी म्हणायला उरलं नाही.

घरी येऊन किटली ठेवली आणि विसरलो. पूर्वी शिट्टी वाजायची, हल्ली ती वाजत नाही. पाणी आटून बूड काळं झालं. हल्लीचा सगळाच माल तकलादू.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज भांडण झालं.

सीडरपाशी बर्नाडीननं परत पुकारलं. "किंगलेट! बरेच आहेत, आत खोलवर."

"दिसले?"

"दिसले नाहीत अजून, पण ऐक ना हार्लन..." आणि ती माझ्या बाजूला सरकली, कोपर पुढे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बर्नाडीन, तुला माझं लक्ष हवं असेल तर सरळ सांग, मी सरळ नाही म्हणेन. नसलेले पक्षी पुकारून माझ्या अंगाशी येऊ नकोस. खोटं बोलणाऱ्या माणसाला या फेरीत जागा नाही."

बर्नाडीननं हातमोजे काढले, परत घातले. मग खाली मान घालून ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही.

"काय?" मी म्हणालो.

तिनं परत सांगितलं नाही. पार्किंगकडे निघून गेली. ड्वेन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडावर इतका राग मी कधी पाहिला नव्हता. "लाज वाटायला हवी तुला," म्हणाला. ते मात्र स्वच्छ ऐकू आलं.

पॅटीकडे मी एकटाच गेलो. पॅटीनं सवयीनं मोठं टेबल लावलं होतं. मी कडेच्या खुर्चीवर बसलो, डोनट कागदात बांधून घेतला.

पण मी खरं तेच बोललो. पक्षी नव्हते.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पंपापाशी कोणी आलं नाही.

धुकं होतं, म्हणून उशीर होत असेल असं वाटलं. थांबलो. पंपाचा दांडा हलवून बघितला, उगीच. मग एकटाच निघालो. फेरी ही फेरी आहे.

"रॉबिन, गवतात," मी मोठ्यानं पुकारलं. "घेतला," मीच म्हणालो. पुढे एक ससाणा गेला, अगदी खालून. "ससाणा, बारा वाजता." "घेतला." धुक्यात आपलाच आवाज ऐकताना ओशाळल्यासारखं होतं. सीडरपर्यंत जाऊन आलो. किंगलेट नाहीत.

परत येताना धुकं विरलं आणि टेकाडावरून बोटींचा धक्का दिसला. तिथं बर्नाडीनची निळी ब्यूक गाडी उभी होती. बाजूला ड्वेनचा पिकअप. सगळे होते. दुर्बिणी पाण्याकडे. माझ्याशिवायची फेरी.

मी गाडीत बसून राहिलो. खूप एकटं वाटलं. कॅरिन म्हणते ना मनातलं लिही, तर हे घे. खूप एकटं वाटलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

कॅरिनचा फोन वाजला असावा. फोनवर तिचं नाव दिसतंय. मी घरातच होतो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

घरात बसवेना, म्हणून तळलेली मासळी खायला कोपऱ्यावरच्या बारमध्ये गेलो. शुक्रवारी सगळं गाव तिथं असतं. आर्डिस आणि मी खिडकीपाशी बसायचो. आज मला काउंटरच्या टोकाची जागा मिळाली, हातात ब्रँडी ओल्ड फॅशन्डचा ग्लास आणि भोवती नुसता कल्ला. पूर्वी कल्ल्यातूनही शब्द सुटे सुटे कळायचे. आता लोकांनी शब्दांची भाजीच केलीय.

ड्वेन माझ्याकडे आला. वाकून काहीतरी म्हणाला. मी मान डोलावली. तो आणखी काहीतरी म्हणाला, माझ्या पाठीवर थाप मारली. मी परत मान डोलावली. तो हसून गेला.

काय म्हणाला कोण जाणे. परत परत "काय? काय?" विचारलं की समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. त्यापेक्षा मान डोलावलेली बरी. पण तो हसला. मासळी अर्धी टाकून आलो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पंपापाशी गेलो होतो. कोणी नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

नीट लिहितो.

सकाळी सीडरमधल्या बाकावर बसलो होतो. वारा पडला होता. समोरची फांदी हलली आणि किंगलेट बाहेर आला. हात लांब केला असता तर बोट लागलं असतं, इतका जवळ. ते पक्षी तसेच असतात, माणसाला भीत नाहीत. डोक्यावरची पिवळी रेघ, डोळ्यावरची काळी पट्टी, सगळं स्वच्छ. दुर्बीण उचलायचीही गरज नव्हती. आले! मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणालो, "आलास का रे बाबा!"

तो उडाला नाही. फांदीवर बसून त्यानं चोच उघडली.

चोच उघडली, मिटली. उघडली, मिटली. गळ्याजवळची पिसं थरथरली. परत चोच उघडली. मागच्या फांदीवर दुसरा आला, त्यानंही चोच उघडली. मग बघतो तर सगळ्या झाडीत ते होते. वर, खाली, आत. सगळे चोची उघडत होते, मिटत होते.

आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

कावळा ऐकू येत होता. लाटा ऐकू येत होत्या. मी टाळी वाजवली, ती ऐकू आली. बोटं कानांत घालून काढली. पक्षी माझ्यासमोर ओरडत होता आणि मी काचेतून बघत असल्यासारखा बसलो होतो.

किती वर्षं?

घरी आलो, खुर्ची ओढली, पॅसेजच्या छतावरचा स्मोक अलार्म बघितला. त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. बॅटरी संपत आली की तो चिवचिवतो, ते कुठल्याही पोराला ठाऊक असतं. अंगठा त्याच्यावर टेकवून ठेवला. थोड्या वेळानं बारीकशी थरथर लागली. परत थांबलो, परत लागली. आवाज नाही. बॅटरी बदलली आणि माईचं दार वाजवलं.

"मिस्टर टेश! थांबला आवाज!" ती म्हणाली. "कोणता पक्षी होता शेवटी?"

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिच्या तोंडाकडे बघितलं की सगळं कळत होतं. आर्डिस समोर उभी राहून सावकाश बोलायची. समोर उभी राहून.

घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो. तिला पक्ष्यांतलं ओ की ठो कळायचं नाही, असं मी याच वहीत लिहून ठेवलंय.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पंपापाशी गेलो नाही. सरळ बोटींच्या धक्क्यावर गेलो. गाडीतून उतरायला वेळ लागला.

ड्वेननं आधी बघितलं. "आलास? गेल्या शुक्रवारी दोनदा मान डोलावून गेलास, 'शनिवारी धक्क्यावर ये' म्हटलं तर हो म्हणालास, आणि आम्ही वेड्यासारखी वाट बघितली तुझी!"

"मला ऐकू आलं नव्हतं," मी म्हणालो.

"मग विचारायचं ना परत!"

"ड्वेन, मला ऐकू येत नाही."

तो गप्प झाला. त्याला गप्प करायला मला इतकी वर्षं लागली. मी बर्नाडीनसमोर जाऊन उभा राहिलो. रात्रीपासून वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. "किंगलेट होते," मी म्हणालो. "तू खरं बोलत होतीस. मी सगळ्यांसमोर तुझा अपमान केला, म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय. मला माफ कर. आणि ते दुसरं जे बोललो, त्याची तर मला शरमच वाटते."

ती हसली नाही. अगदी तोंडासमोर आली आणि सावकाश बोलली, एकेक शब्द सुटा.

"त्या दिवशीही हेच म्हणाले होते मी. तुला कळलं नाही. आर्डिसनं हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून सांगितलं होतं. 'त्याचा डावा कान आधी गेलाय, तू डावीकडून चाल. पक्षी बोलला की ढोस आणि तिकडे बघ. पण त्याला सांगू नकोस, त्याला वाटतं त्याला ऐकू येतं.' मी सांगितलं नसतंच रे. पण तू बाजूलाच सरकायला लागलास!"

ड्वेन खो खो हसायला लागला. मग मीही. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला मी टोपी वापरली.

"कधीपासून?" मी विचारलं. "आर्डिस कधीपासून..."

"तू कारखान्यातून निवृत्त व्हायच्या आधीपासून," बर्नाडीन म्हणाली.

एवढी वर्षं ती मला ढोसत होती आणि मी तिला नशीबवान म्हणत होतो. एकदाही थँक्यू म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तिला कळलं असतं की मला कळलं, आणि ते तिला नको होतं. तरी म्हणायला हवं होतं.

सगळे सीडरच्या झाडीकडे निघालो. बर्नाडीन माझ्या डावीकडे आली. मी सरकलो नाही. खूप वेळ काहीच झालं नाही, नुसते बुटांखाली पानं तुडवत होतो. मग माझ्या बरगडीत कोपर लागलं. आर्डिसपेक्षा जरा जोरातच मारते ती. मी वर बघितलं.

"किंगलेट," मी म्हणालो. "सीडर, अकरा वाजता, खालची फांदी."

आणि गप्प उभा राहिलो. पुढचा शब्द माझा होता, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बर्नाडीनच्या तोंडाकडे बघितलं.

तिला कळायला एक क्षण लागला.

"घेतला," ती म्हणाली.